डाव्या पट्टीचा नट

प्रिय ठिणगी,

आधी सायकल स्टँडवर लाव आणि मग वाचायला घे. सायकलवर बसवलेलं इंजिन धरून ठेवणाऱ्या डाव्या पट्टीचा नट सैल आहे. चौदाचा पाना लावून तो आवळल्याशिवाय इथून एक फूटभरही पुढे जायचं नाहीस. पत्राची सुरुवात तब्येतपाण्यापासून करायची असते, पण आज मला तेवढा दम नाही. ज्यांनी तुला हे पत्र दिलं त्या बाई इथे पंक्चर काढतात. त्यांच्याच बाकड्यावर बसून, त्यांच्याच वहीची पानं फाडून मी हे लिहितोय. एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून तुझ्यापुढे येऊन पोचलो. तू इथे थांबणार हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण घाट चढण्याआधी इंजिनाला दहा मिनिटं गार होऊ द्यायचं, हे मीच तुझ्या डोक्यात बसवलंय. माझं तेवढं तरी तू ऐकत आलीस.

समोर उभं राहून सांगायचं सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण सकाळी पुलापाशी मी समोरच तर उभा होतो. रात्रीच्या मुक्कामावरून तू त्याच वाटेने निघणार, म्हणून पहिल्या बसने येऊन दोन तास कठड्याला टेकून तुझी वाट पाहिली. तू दिसलीस तसा रस्त्याच्या मधोमध जाऊन ओरडलो, की थांब, नट सैल आहे. तू मला वळसा घातलास आणि जाता जाता एवढंच म्हणालीस, की या खेपेला आईला कुठला आजार झालाय तेही सांगून टाका. मग गाडी अशी काही पळवलीस की समोरून येणाऱ्या दूधवाल्याने शिव्या घातल्या, त्याही मलाच. मला पाहिलं की तू वेग वाढवतेस. म्हणून आता मी तुझ्या नजरेसच पडणार नाही. तू येशील तेव्हा मी परतीच्या बसमध्ये असेन.

तुझा टोमणा मला लागला, आणि तो लागायलाच हवा होता. दोन वर्षांपूर्वी तू लेथचं काम शिकायला गेलीस. शेवटचे सहा आठवडे राहिले असताना मी निरोप धाडला, की आईला दवाखान्यात ठेवलंय. तू होतीस तशी धावत आलीस, तर आई गच्चीवर चादरी वाळत घालत होती. तू आरडाओरडा केला असतास तर बरं झालं असतं. तू नुसती चादरीची दुसरी दोन टोकं धरलीस आणि तिच्याबरोबर झटकायला लागलीस. तुझं शिक्षण अर्धवट राहिलं ते राहिलंच. आईने महिनाभर माझ्याशी अबोला धरला. मी मात्र मनातून खूश होतो, कारण सोमवारी तू दुकानात माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसलीस.

आता नटाचं. तुला शिकवायची गरज नाही, तरी लिहितो, निदान वाचता वाचता तुझा हात पान्याकडे जाईल. सपाटीवर इंजिनाचा रोलर टायरला टेकून चाक फिरवत असतो, तेव्हा इंजिनाचा बराचसा भार टायर घेतं. घाट उतरताना तू खटका ओढून इंजिन टायरवरून वर उचलणार, मीच तसं शिकवलंय, आणि मग ते आठ किलोचं धूड डाव्या पट्टीच्या त्या एका बोल्टवर लटकणार. तिथे नट गळून पडला की इंजिन थेट आऱ्यांत जाईल आणि चाक जागच्या जागी अडकेल. घाटापलीकडे नऊ किलोमीटर उतार आहे. बाई सांगतात, तिसऱ्या वळणावर कठडाच नाही. सकाळी पुलाच्या चढावर तुझा रोलर टायरवर घसरल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. टायरवर दव असेल असं समजून तू पायडल मारून भागवलंस. रस्ता तेव्हा कोरडा ठणठणीत होता, ठिणगी.

काल तू निघाल्यावर नर्सबाई आल्या होत्या, गाडीची तेलपाणी तपासणी करून घ्यायला. नेहमीसारखं विचारलं, ती कुठाय? पावसातही न घसरणारा तिरक्या खाचांचा रोलर त्यांच्याच गाडीला पहिल्यांदा बसवला होता ना आपण. तेव्हा त्यांनी माझं तोंड भरून कौतुक केलं आणि मी ते मुकाट्याने खिशात घातलं. तू बाजूला बसून ब्रशने प्लग साफ करत होतीस. मान वर केली नाहीस, पण एकच प्लग पंधरा मिनिटं घासत राहिलीस. काल मी नर्सबाईंना सांगितलं, की तो रोलर माझा नाही, माझ्या लेकीने आखला आणि तिनेच कातला. घाटापलीकडच्या कारखान्याने तिला बोलावलंय ते त्या रोलरमुळेच. तू समोर असताना हे माझ्या तोंडून कधी निघालं नाही. माझी अक्कल अशीच, गिऱ्हाईक गेल्यावर दुकान उघडणारी.

खरं सांगायचं तर तू जाणार म्हटल्यापासून मी घाबरलोय. तुला वाटत असेल, बापाला फुकटचा कारागीर हातचा जातोय याचं दुःख आहे. तेही असेल थोडं. पण मला त्या दुकानात एकट्याने बसवत नाही. तुझं ते आपल्याशीच पुटपुटत स्प्रिंग बसवणं, न बसल्यास तिलाच दटावणं, माझा पाना पळवून वर मलाच शोधायला लावणं, हे सगळं बंद झाल्यावर मी दिवसभर काय करायचं, हे मला कळेना. हे असं सरळ बोलायचं सोडून मी घरभर भांडी आपटत फिरलो आणि तू किती कृतघ्न आहेस ते आईला ऐकवत राहिलो, तुला ऐकू जाईल अशा बेताने.

नट हादऱ्यांनी आपोआप सैल झाला असेल, असं मी याआधी एका पानावर लिहिलं होतं. ते पान फाडलं. कारण ते वाचून तू काय करशील ते मला डोळ्यांसमोर दिसतंय. तू वाकून नटाकडे बघशील. नट आवळून झाला की तो सुटू नये म्हणून वर लावलेल्या चेकनटवरून नटावर आणि तिथून पट्टीवर लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढायची, ही तुझी पद्धत. नट हलला की रेघ तुटते, पाना न लावता नुसत्या नजरेने कळतं. मी थट्टा करायचो, की इंजिनाला कुणाच्या लग्नाला न्यायचंय का. आता ती रेघ तुटलेली दिसली तर प्रश्नच मिटला. पण मला भीती आहे ती अखंड असण्याची. रेघ जागेवर बघून तू म्हणशील, बाबांनी पुन्हा थाप मारली, आणि पत्र चुरगाळून घाटाला लागशील.

ती रेघ मी ओढलीय. काल दुपारी तू आत जेवत होतीस तेव्हा मी चेकनट सोडला आणि नट पावणेतीन फेरे मागे घेतला. रोलर टायरवर दाबून धरणारी स्प्रिंग ढिली पडेल, पहिल्याच चढावर रोलर घसरेल, तू वैतागून परत येशील, दुरुस्तीत आठवडा जाईल, एवढाच माझा बेत. मग खिडकीतली तुझी नेलपॉलिशची बाटली घेतली आणि जुन्या रेघेवर नवी ओढली, तुला कळू नये म्हणून. तेवढ्यात आई तुझ्या प्रवासासाठी पाणी भरून अंगणात आली आणि मी पाना खिशात घातला. घाईत मी रेघ आधी ओढून बसलो, चेकनट आवळायचं राहूनच गेलं. तू सायकलवर बसलीस तेव्हा मला ते आठवलं होतं. तरी मी गप्प राहिलो, कारण बोललो असतो तर पकडला गेलो असतो. आता तो नट नुसत्या नेलपॉलिशच्या भरवशावर बसलाय. नखाने खरवड, वरचा थर निघाला की खाली तुझी जुनी रेघ बाजूला सरकलेली दिसेल. मग मी या वेळी खोटं बोलत नाही हे तुला कळेल आणि मी काय केलं तेही कळेल. पंक्चरवाल्या बाईंना मी आत्ताच सगळं सांगितलं. त्यांनी स्टूल उचललं आणि त्या दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. संध्याकाळी आईला सांगेन. तू घरी येऊ नकोस, माझ्याशी बोलू नकोस, मला बाप म्हणू नकोस, यातलं काहीही मला चालेल. फक्त नट आवळ, त्यावर चेकनट आवळ, आणि मगच घाट चढ.

तुझाच, तू म्हणू दिलंस तर,
बाबा