चोविसावा ग्रंथ

मी, सत्यवती दिनानाथ घरत, वय सदुसष्ट, राहणार अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या बुधवारी मुंबईत माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके शाबूत आहे, कोणी धाक घातलेला नाही. धाकटी बहीण सगुणा भोपी हिच्याविषयी पुढे जे आले आहे, तेही मी पूर्ण शुद्धीवर राहून लिहिले आहे.

१. राहते घर मुलगा प्रज्योत याला. मागच्या दारची सुरंगी तोडू नये. बँकेतील ठेव सून प्रणाली हिला, कारण माझी आजारपणे तिने काढली. प्रज्योतने फोन केले.

२. वडिलांच्या मिठागरातील माझा हिस्सा सगुणेला. बांध फुटला की खाजणातल्या खाऱ्या चिखलात ती उतरत असे. मी सुट्टीत येऊन पांढरे मोजे सांभाळत कडेला उभी राहत असे.

३. बाबांची पोथी ठेवण्याची शिसवी ठवणी सगुणेकडे आहे. ती माझी नाही, म्हणून मला देता येत नाही. ती माझी असावी असे मात्र छप्पन्न वर्षे वाटत आले आहे. बाबांनी मला अकराव्या वर्षी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात घातले. श्रावणातल्या एका रविवारी मी घरी आले, तेव्हा त्यांनी मला पोथीसमोर बसवले. मी ओव्या परीक्षेचा धडा वाचावा तशा वाचल्या. मग आठ वर्षांच्या सगुणेने चालीवर म्हटल्या. शेजारच्या बाया डोळे पुसू लागल्या. बाबा म्हणाले, "सतू, तू आपली सरकारी कागदं वाच. पोथी सगुणा वाचंल."

तेव्हापासून मी त्यांचे सगळे कागद वाचले. ते गेले तेव्हा दहा दिवस पोथी सगुणेने वाचली. मी मृत्यूचा दाखला वाचला, त्यात नावाची चूक काढली आणि दुरुस्त करून आणला. त्याबद्दल कोणी डोळे पुसले नाहीत.

४. गेल्या गुढीपाडव्याला आमच्या वाचनालयाने वर्षभरात चोवीस प्राचीन आणि मध्ययुगीन ग्रंथ वाचण्याचे आव्हान काढले. प्रत्येकाला चोवीस चौकटींचे पत्रक. सगुणाही आता अलिबागेत मुलाकडे असते. फळ्यावर तिचे नाव दिसले म्हणून मी माझे घातले. साहित्याची ओढ नंतर लागली.

पहिले सात ग्रंथ मी इंग्रजी भाषांतरातून वाचले आणि पत्रक सगुणेपुढे धरले. ती सर्वांदेखत म्हणाली, "अगो ताय, खाजनात पाय घातल्याबिगर मीठ होत न्हाय." ग्रंथपाल मनाली कडू हसली आणि म्हणाली, "मावशी, नियम तसा नाहीये, भाषांतर चालतं." मला चालले नाही. मी सातही चौकटी खोडल्या आणि मूळ ग्रंथ वाचायला लागले. जुन्या मराठीसाठी शब्दकोश, संस्कृत-प्राकृतासाठी मराठी टिपा. एका प्राकृत कवितेत एक बाई सवतीच्या सुंदर आवाजावर जळते. दोन हजार वर्षांपूर्वीही हे होते, हे वाचून मला फार बरे वाटले.

हा शब्दकोश, टाचणांच्या वह्या आणि भिंग वाचनालयाला द्यावे.

५. माझी इंग्रजी पुस्तके सगुणेला. ती म्हणेल, "मना कशाला?" तिला हे कलम वाचून दाखवावे. ती बारा वर्षांची असताना तिने मला इंग्रजी शिकवायला सांगितले होते. पाटी पुसून, वेणी घालून बसली होती. मी म्हटले, वेळ नाही. वेळ होता. एवढे एकच तिला येत नव्हते, आणि ते तसेच राहावे असे मला वाटले. हे मी कोणाला सांगितलेले नाही. प्रज्योतची मुलगी प्राप्ती हिने आजीची चूक सुधारायची म्हणून सगुणेला रोज एक पान शिकवावे.

६. सगुणेचे चोवीस दसऱ्यालाच झाले. माझे तेवीस झाले आहेत. उरला तो मोठा ओवीबद्ध ग्रंथ, बाबा श्रावणात लावायचे तोच. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. चाल बसवायची होती. आता पाच दिवसांत तो होणार नाही.

काल सगुणेला फोन केला. म्हटले, "मी गेले तर दहा दिवस माझ्या घरी तो तू वाचशील?"

ती म्हणाली, "वाचीन. आन् जगलीस त?"

"तर मी वाचेन. तू समोर बसायचं."

"बसंन. पन हलू वाच. तुना घाई लय."

मी परत आले तर हे कलम रद्द समजावे. न आल्यास सगुणेने तो पहिल्या ओवीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावा, काही गाळू नये. मी ऐकत असेन. मनाली म्हणते, ऐकलेले नियमात बसत नाही. मेलेल्या माणसाला एवढी सूट द्यावी. ग्रंथ संपला की तो माझ्या पत्रकावर चोविसाव्या चौकटीत मांडावा. सगुणेच्या पत्रकावर तो आधीच आहे. तिने दुसऱ्यांदा मांडून घेऊ नये.

वरील मजकूर मी दोनदा वाचला, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. तो माझाच आहे.

सही: सत्यवती दिनानाथ घरत

आम्हां दोघांसमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. मनाली कडू, ग्रंथपाल
२. जीवन ठाकूर, शेजारी

अलिबाग, ९ जानेवारी २०२६