भीमाशंकरची बारी

अण्णा, परवाच्या रविवारी मी जुन्नरपासून भीमाशंकरपर्यंत पळत गेले. पळत म्हणजे खरोखर पळत. आधी वडजचं धरण, मग डोंगर, मग डिंभ्याचं पाणी, मग पुन्हा डोंगर, पन्नास किलोमीटरच्या वरच भरलं असेल. आणि पोचले! अजून पायांचे दोन्ही अंगठे काळेनिळे आहेत, शाळेचा जिना मी कठडा धरून उलटी उतरते, वर्गातली पोरं तोंड दाबून हसतात, आणि मला मात्र दिसेल त्याला सांगत सुटावंसं वाटतंय. सगळ्यांना सांगून झालं. दूधवाल्याला तर दोनदा सांगितलं. तुम्हीच तेवढे राहिलात. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, तरी बारी झाली की ती पहिल्यापासून सांगायची असते हे मी तुमच्याकडूनच शिकले आहे. तेव्हा आता ऐका.

पळायची सवय कुठून लागली हे तुम्हाला सांगायला नको. पिंपळवंडीला भल्या पहाटे तुम्ही गाड्याचे बैल फिरवायला काढायचात, कासरा तुमच्या हातात, आणि मागं मी, अनवाणी, कालव्याच्या कडेनं. भाऊ तेव्हा पाळण्यात होता म्हणून माझी वर्णी लागली. "मागं ऱ्हाऊ नको," एवढंच तुम्ही म्हणायचात, तेही मान न वळवता. मी कधी मागं राहिले नाही. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की बैलगाड्यांच्या शर्यतीशिवाय तुम्हाला दुसरं काही सुचायचं नाही. चार बैल, त्यांच्या पुढं पळणारी घोडी, चढाचा घाट आणि वरच्या निशाणापर्यंत उणापुरा दहा-बारा सेकंदांचा खेळ. तेवढ्या एका बारीसाठी आपलं घर वर्षभर राबायचं. आई बैलांना खुराक करायची, उडदाचं पीठ, खारीक, खोबरं, दूध, आणि आम्ही पोरं त्या खोबऱ्यावर डोळा ठेवून बसायचो.

पण घाटात आम्हाला बंदी. बायका-पोरींनी तिकडं फिरकायचं नाही, असंच होतं. मी एकदा कडब्याच्या पेंढ्यांत लपून टेम्पोतून आले होते, आठवतं? घाटापाशी पेंढ्या उतरवताना मी सापडले. तुम्ही मारलं नाहीत. नुसतं माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "घाटात बाईमानसाचं काय काम? घरी जा, आईला हात लाव." आणि गावातल्या एका म्हाताऱ्याबरोबर मला एस्टीत बसवून दिलंत. गाडी वळणावर गेली तेव्हा मागून बारी सुटल्याची आरोळी ऐकू आली, भिर्रर्र. आपलीच बारी असणार. मी खिडकीतून मागं बघते, तर नुसती धूळ.

त्या संध्याकाळी तुम्ही गुलालानं माखून आलात, हातात जिलबीचा पुडा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून तुम्ही आम्हाला सगळी बारी करून दाखवलीत, हात म्हणजे बैल, पाटा म्हणजे घाट, तांब्या म्हणजे निशाण. मी रुसले होते ते विसरून गेले. आई चुलीकडं तोंड करून भाकरी थापत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "बैलांना पानी दावलं का?" मी तेव्हा लहान होते. आईलाही ते बघावंसं वाटत असेल, असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

लग्न होऊन वारूळवाडीला आले आणि पळणं सुटलं. धाकट्या लेकीच्या वेळच्या बाळंतपणानंतर डॉक्टर म्हणाले, चालत जा. चालता चालता एक दिवस पाय आपोआप पळायला लागले, आणि मग थांबेचनात. "वैनी, एस्टी चुकली का?" असं लोक ओरडायचे. तुमचे जावई आधी लाजले, मग सायकल घेऊन बरोबर यायला लागले. त्यांचा एक मित्र पुण्याच्या डोंगर चढणाऱ्या मंडळींपैकी. त्या लोकांनी ही शर्यत ठरवली होती. अट एकच, दुपारी चारच्या आत तळेघर गाठायचं, नाहीतर गाडीत घालून आणणार, कारण पुढं जंगल आणि दिवस लहान. मी नाव दिलं, आणि ही बातमी भावानं तात्यांच्या कानावर घातली. तुमचे गाड्यातले भागीदार, ते कसले गप्प बसतात! दुसऱ्या दिवशी तुमच्या वेळची सगळी मंडळी आमच्या ओट्यावर हजर, भावाबरोबर आईही. "आपली बारी हाय," तात्या म्हणाले. झालं, ठरलं. मला कुणी काही विचारलंच नाही.

आणि आई म्हणाली, "मी येनार."

तात्या घुटमळले. "वैनी, तुमी कुठं डोंगरात..."

"तीस वर्सं बैलांना घातलं, येक बारी बघितली न्हाई," आई म्हणाली. "ही माज्या पोटची हाय. हिची बघनार म्हंजे बघनार."

मी आईला म्हटलं, तू निशाणापाशी थांब, मी पळतच येईन. बोलून गेले खरी, आणि मग रात्रभर तळेघरच्या चाराचा हिशेब करत बसले. कारण मी गाडीतून उतरले असते तर आईनं काय बघितलं असतं? पुन्हा नुसती धूळच ना.

सकाळी शिवनेरीच्या पायथ्याशी पुण्याची पोरं-पोरी तंग चड्ड्या घालून अंग मोकळं करतायत, आणि त्यांच्यात तुमची मंडळी, पटके बांधून, भंडाऱ्याची पिशवी घेऊन. आईला भावानं पहाटेच्या एस्टीनं भीमाशंकरला धाडलं होतं, लाडवांच्या डब्यासकट. शिट्टी वाजली आणि तात्यांनी मुठी भरभरून भंडारा उधळला, सगळे एका दमात ओरडले, भिर्रर्र! काय सांगू, माझ्या अंगात बैलच शिरला. पन्नास किलोमीटरची पळापळ आणि मी दहा सेकंदांची बारी असल्यासारखी सुटले. सगळ्यांच्या पुढं! ती पोरं पिवळीधमक होऊन बघतच राहिली. वडजच्या धरणापर्यंत मी पहिली होते, अण्णा, पहिली! जीप घेऊन मंडळी तिथं आधीच पोचली होती. तात्यांनी दुधात फेटलेली अंडी तांब्याभर पुढं केली. बैलाला चालतात तर हिला का नको, हा त्यांचा हिशेब. मीही शहाणी, घटाघट प्याले.

डोंगर चढायला लागले आणि ती अंडी, ते दूध, तो सगळा जोर झुडपात बाहेर आला. पुण्याची पोरं एकेक करून पुढं गेली. "ताई, ठीक आहात ना?" असं प्रत्येकानं विचारलं, आणि प्रत्येकाला मी "मजेत" म्हणून सांगितलं. जीपची वाट पलीकडून होती, त्या डोंगरावर माझं कुणीच नव्हतं. खाली उतरताना एका घराच्या अंगणात कोळ्याची एक मावशी भात वाळत घालत होती. तिनं विचारलं, "कोन मागं लागलंय गं?"

"कुणी नाही, मावशी."

"मंग पळती कशाला?"

मी हसतच सुटले. तिनं घरात जाऊन मीठ घातलेली भाताची पेज आणली, कोमट. ती पोटात गेली आणि डोळ्यांपुढची झाडं पुन्हा जागच्या जागी उभी राहिली.

डिंभ्याच्या पाण्याशी जीप दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला. पण तळेघरच्या चढाला पाय उचलेनात. मी दगडावर टेकणार, तोच तात्या खेकसले, "बसायचं न्हाई! बसली का संपलं!" तुमच्या जावयांनी पाण्याची बाटली माझ्या डोक्यावर रिकामी केली. भाऊ सारखा घड्याळ बघत होता. तात्या कमरेवर हात ठेवून मला निरखत होते, बैल निरखायचे तसेच, खुरापासून शिंगापर्यंत. मग म्हणाले, "दम हाय तिच्यात. पुढं कोन न्हाई म्हनून पाय उचलंना. घोडी पायजे राव."

आणि स्वतःच धोतराचा काचा मारून पुढं पळायला लागले! वय किती, पोट केवढं, पायात कातडी चप्पल. शंभर पावलांत धापा टाकत बाजूला झाले, तर भाऊ पुढं. भाऊ दमला तर तुमचे जावई. मग मंडळींतला एकेक, कुणी पटका सावरत, कुणी तोंडातली तंबाखू थुंकून. दमला की जीपमध्ये चढायचा, जीप पुढं जाऊन पुढचा गडी उतरवायची. शर्यतीवर देखरेख करणारा एक पोरगा मोटारसायकलवर आला. "काका, हे सगळे स्पर्धक आहेत का?"

"न्हाई न्हाई," तात्या जीपमधून म्हणाले, "ही आमची घोडी हाय."

पोरानं कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. मी नुसती पुढच्याच्या टाचांकडं बघत राहिले. कुणाच्या भेगाळलेल्या, कुणाच्या चिखलानं भरलेल्या. ही सगळी माणसं मला आता अशी प्यारी झाली आहेत की काय सांगू. तळेघर आलं तेव्हा चाराला थोडा अवकाश होता. मंडळी एवढी ओरडली की चहाच्या टपरीवाला बाहेर आला आणि त्यानं सगळ्यांना फुकट चहा पाजला.

त्यानंतरचं जंगल मी कसं पार केलं ते धड आठवत नाही. उन्हं कलली होती, पाचोळा वाजत होता, आणि मी मोठमोठ्यानं स्वतःलाच सांगत होते, मागं राहू नको. मग झाडं विरळ झाली, निशाण दिसलं, आणि निशाणाच्या अलीकडं एका खडकावर आई उभी! पदर खोचलेला, दोन्ही मुठींत भंडारा. दुपारपासून ती तिथून हलली नव्हती, असं मागाहून कळलं. तिनं मला बघितलं आणि ओरडली, भिर्रर्र! अण्णा, काय तो आवाज! माझ्या आईचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. माझ्या पायांनी माझं ऐकणं सोडलं आणि तिचं ऐकलं. मी पळतच गेले, पळतच निशाण ओलांडलं, आणि तिच्या अंगावर जाऊन पडले. दोघी पिवळ्या.

मला वाटलं, आता विचारेल पाणी पाहिजे का. तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "शेवटचं तेवढं परत पळ. डोळ्यात पानी आलं गं, नीट दिसलं न्हाई."

जीपनं आधीच पोचलेली मंडळी हसायला लागली. मी गेले मागं, त्या झाडांपर्यंत लंगडत गेले, आणि परत पळत आले. आईनं डोळे फाडफाडून बघितलं.

येताना जीपमध्ये आई पुढं बसली होती आणि तात्यांना बारी सांगत होती, जणू ते तिथं नव्हतेच. हातवारे करून, पहिल्यापासून. घोडेगाव मागं पडलं तरी तिचं संपेना. मधेच तात्या तुमच्या आठवणीनं डोळे पुसत म्हणाले, "आज मालक पायजे व्हते." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

हे पत्र कुठं टाकायचं याला पत्ता नाही, आणि पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं. कारण ती मान मी खोटी डोलावली, अण्णा. तुम्ही असता तर तुम्ही निशाणापाशी उभे असता, आणि आई घरी आमच्यासाठी भाकरी थापत बसली असती. ती खडकावरून ओरडली तेव्हा तुम्ही नाहीत याचं मला बरं वाटलं.