बंदी उठवण्याच्या अर्जावर बंदी

श्रीमान शालकमहाशयांस,

सविनय नमस्कार. तुमची लचकलेली कंबर एव्हाना ताठ झाली असेल. माझी गेल्या सोमवारपासून जरा जास्तच ताठ आहे, पण त्याचे कारण वेगळे.

आमच्या वाचनालयात लोकांसाठी एकच संगणक. त्यावर काय दिसू द्यावे हे ठरवायचे म्हणून साहेबांनी माझ्याकडे टिपण मागितले: निरनिराळे देश इंटरनेटला कसा लगाम घालतात. (संस्कृत शिकलेल्या माणसाच्या हातून कुणाला उपद्रव होत नाही, असा त्यांचा समज आहे.) पण साहेबांनीच बसवलेली चाळणी ‘बंदी’ हा शब्द दिसला की पान उघडू देत नाही. चाळणी सैल करायला अर्ज असतो. त्याचे नाव ‘बंदी उठवण्याचा अर्ज’. तोही उघडेना.

शेवटी समोरच्या न्हाव्याच्या खुर्चीत बसून त्याच्या मोबाइलवर जग पालथे घातले. (दोन दिवसांत तीनदा दाढी झाली.) चीनने परक्या संकेतस्थळांपुढे भिंत बांधली आहे, अमेरिकेत बरेचसे कंपन्यांच्या मर्जीवर, आणि युरोपात तुमचा मजकूर काढला तर कारण कळवायचे, वर तक्रारीची सोयही द्यायची. न्हावी म्हणाला, “म्हणजे कापायचं, पण सांगून.” इतके नेमके सार मला साधले नसते. मी ते जसेच्या तसे टिपणात घातले.

साहेबांना भिंत आवडली. युरोप काढा, नाहीतर तळघरातल्या फायली सांभाळा, म्हणाले. काढलाही असता हो. पण त्याच दुपारी शिवणकाम करणाऱ्या बाई नवऱ्याच्या नव्या औषधाविषयी वाचायला आल्या. चाळणीला त्यात नशेचा वास आला. पान अडले, का ते बाईंना कळले नाही. बाई कोऱ्या पडद्यासमोर बसून राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “माझं काही चुकलं का?”

मग मी युरोप पहिल्या पानावर आणला, जाड अक्षरांत, आणि एक प्रत थेट वाचनालयाच्या वरच्या मंडळाकडे धाडली. हे पत्र तळघरातूनच लिहितो आहे. इथे चाळणी नाही.

तुमचे, अद्याप न वाकलेले,
दाजी

ता. क. तुमच्या ताईने घरच्या इंटरनेटचा पासवर्ड बदलला आहे. कारण कळवलेले नाही. (कुटुंबाच्या गटावर टिपण मी चौदा वेळा टाकले, एवढाच संशय.)

दुसरा ता. क. मंडळ शुक्रवारी माझी बाजू ऐकणार आहे, तीही मी घरच्या संगणकावरून मांडायची आहे. ताई तुमचेच ऐकते, तेव्हा रदबदली करा. माफी मी तोंडी मागेन. लेखीच हवी म्हणाली तर तीही देईन, पण साहेबांच्या कानावर जाऊ देऊ नका.