बाजूचं दिसत नाही

७ ऑगस्ट

बबडीच्या शाळेत आज सरकारी तपासणीची गाडी आली होती. वजन, दात, कान, डोळे – सगळं बघितलं म्हणे. संध्याकाळी दप्तरातून चिठ्ठी निघाली. डोळ्यांची पुढची तपासणी करून घ्यावी, सरकारी दवाखान्यात, मोफत.

मला हसूच आलं. ही पोर भिंतीवरची मुंगी दाखवते! विचारलं तर म्हणाली, "तक्त्यावरची सगळी अक्षरं वाचली मी. पण डॉक्टरीणबाई बाजूला बोट हलवत होत्या म्हणे. मला काहीच हलताना दिसलं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "वेंधळी आहे झालं. खाली बघून चालायचं नाही आणि मग आपटायचं."

यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, परत दिली.

१० ऑगस्ट

कारखान्यात अर्धी रजा मागितली. मी शर्ट तपासते – उसवलेली शिवण, तिरपं काज, लोंबतं बटण. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "मोफतच्या दवाखान्यात अर्ध्या दिवसात कुणाचं काम झालंय? पूर्ण रजा घे."

११ ऑगस्ट

बाईंचं खरं झालं. या खिडकीवरून त्या खिडकीवर. शेवटच्या खिडकीवर कळलं की डोळ्यांचे डॉक्टर आज नाहीतच! "पुढच्या आठवड्यानंतर या." त्या माणसावर तरी काय चिडायचं, सकाळपासून हेच सांगून सांगून त्याचा घसा बसला होता.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. बाहेरच्या उन्हातून आतल्या बोळात शिरलो, तर बबडीने माझा हात दोन्ही हातांनी धरला. तरी स्ट्रेचरवर जाऊन आदळलीच. एवढं मोठं स्ट्रेचर! नवीन जागा म्हणून असेल.

असेलच.

२१ ऑगस्ट

डॉक्टर भेटल्या. तरुण आहेत, बोलायला गोड. डोळ्यांत थेंब घालून कितीतरी वेळ आत बघत राहिल्या. गोड बोलणं तिथेच थांबलं. मोठ्या रुग्णालयात नेऊन मशीनवर तपासायला हवं म्हणाल्या. तारीख मिळाली जवळजवळ महिन्याने. "मशीन एकच आहे हो, आणि मुलं सगळीकडून येतात."

घरी येईपर्यंत बबडी डोळे चोळत होती. सगळं धुरकट दिसतंय म्हणून खूश!

२ सप्टेंबर

यांच्याशी कडाक्याचं भांडण. कामगारांची बस चालवतात हे, सकाळची पाळी. मालकाने रात्रीची देऊ केली, पगार चांगला. हे नाही म्हणाले. तिसऱ्यांदा!

"पोरीकडे बघून तरी घ्या."

"दिवसाचीच बरी."

"का पण?"

कूस बदलून झोपले. भिंतीशी बोललेलं बरं.

१८ सप्टेंबर

मोठ्या रुग्णालयात मशीनवर तपासणी झाली.

मोठं पांढरं भांडं असतं, त्यात तोंड घालून बसायचं. आत उजेडाचे ठिपके येतात. दिसला ठिपका की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभी. टक. टक. टक. मग काहीच नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं. मशीन चालूच होतं.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार. अंधारात आत्ताच तिला फार कमी दिसतं. पुढे कडेकडेने दिसणं कमी कमी होत जाणार.

"औषध?"

"थांबवणारं औषध सध्या नाही," तिथले डॉक्टर म्हणाले. मग घाईने, जणू तेच औषध – दर सहा महिन्यांनी तपासणी मोफत, शाळेला पत्र, मोठ्या अक्षरांची पुस्तकं, पुढे गरज पडली तर काठी घेऊन चालायचं शिक्षण. सगळं मिळेल.

काठी! आठ वर्षांची आहे ती.

मनात आलं, ती गाडी शाळेत आलीच नसती तर? नाहीतरी होणार ते होणारच होतं. निदान काही वर्षं मला माहीत नसतं. मग माझीच मला लाज वाटली.

आजार बहुधा रक्तातून येतो म्हणाले. माझे डोळे लगेच तपासले. चांगले आहेत. वडिलांना घेऊन या म्हणाले.

१९ सप्टेंबर

सासूबाई: "आमच्या घराण्यात हे नाही. तुझ्या माहेरचं असणार."

"माझे डोळे तपासून झाले, आई."

त्या उठून आत गेल्या. यांना म्हटलं, सोमवारी चला. म्हणे रजा मिळत नाही.

२४ सप्टेंबर

उद्या येतो म्हणाले. मग नाही म्हणाले. मग ताटावरून उठले.

२५ सप्टेंबर

आले. बबडीने बोट धरून नेलं. "बाबा, घाबरू नका. फक्त बटण दाबायचं असतं."

मी दाराबाहेर. आतून टक. टक. आणि मग तीच शांतता.

बाहेर येऊन बाकावर बसले. "मला माहीत होतं," म्हणाले.

"कधीपासून?"

"दिवस कलला की नळीतून बघितल्यासारखा रस्ता दिसतो. दिवसाही मान वळवत वळवत चालवतो."

"भरलेली बस असते हो तुमची!"

"म्हणून तर रात्रीची घेतली नाही."

"आणि दिवसाची?"

"दिवसाचीही सोडली तर खायचं काय?"

बबडी समोर वजनकाट्यावर चढ-उतर करत होती. मला यांना गदागदा हलवावंसं वाटलं. आणि हेच रडत होते! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बघितलं. मी खांद्यावर हात ठेवला. ठेवायची इच्छा नव्हती. तरी ठेवला.

२६ सप्टेंबर

यांनी बस सोडली. मालकाला खरं काय ते सांगितलं. तो आधी वाट्टेल ते बोलला, मग म्हणाला, धुवायला गाड्या असतात, बघ. हे उद्यापासून गाड्या धुणार. मी जादा पाळी मागितली आहे.

शाळेत पत्र दिलं. बबडी आता पहिल्या बाकावर. तिला वाटतं, हुशार झाली म्हणून.

३० सप्टेंबर

सासरे मी पाहिलेच नाहीत. पिऊन यायचे आणि तसेच एका संध्याकाळी जिन्यावरून पडून गेले, एवढंच या घरात ऐकलेलं.

आज बबडीची वेणी घालता घालता सासूबाईंचे हात थांबले. "रोज दिवेलागणीलाच अडखळायचे. थेंबालाही शिवलो नाही, शपथ घ्यायचे. मी दार उघडायची नाही."

वेणी अर्धीच.

"वास कधी आलाच नाही गं," म्हणाल्या. "वास कधीच आला नाही."