नऊ नंबरचा प्लॉट

बाबा, अक्षर वेडंवाकडं आलं आहे. तसं तुम्हाला वाचता येत नव्हतंच.

तुमच्या जावयांनी आर्णीजवळच्या शेतावर ले-आऊट पाडलं आणि रस्ते-नाल्यांच्या कर्जासाठी सगळी जमीन बँकेकडे गहाण ठेवली. प्लॉट विकला की ठरलेली रक्कम भरायची, मग बँक तेवढ्या प्लॉटचा बोजा उतरवल्याचं पत्र देते. ते वारल्यावर नऊ नंबरचा प्लॉट मी शिवणकाम करणाऱ्या एका बाईला विकला. रक्कम भरली, पत्र आलं, खरेदीखतावर सही केली. कर्जाचे हप्ते थकले, म्हणून परवा उरलेल्या प्लॉटांच्या जप्तीची नोटीस आली, तर तिच्यात नऊ नंबर. पत्र काढून पाहिलं, त्यात सहा नंबर सोडवला आहे. मधे नकाशा बदलून नंबर सरकले होते, जुन्या नकाशात हाच प्लॉट सहा होता; बँकेनं तो जुना नकाशा पाहून पत्र लिहिलं. आता सहा नंबरवर बगिचा आहे. आणि गहाण राहिलेल्या नऊ नंबरवर त्या बाईच्या घराचा स्लॅब टाकून झाला आहे.

तुम्ही जमीन मोजणीची साखळी ओढायचात. मी शाळेत गेले नाही, भज्यांच्या कागदांवरून अक्षरं जुळवली. एकदा चुलीपाशी बसून तुमची ऑफिसची चिठ्ठी मी भरभर वाचली, एक ओळ सुटली आणि तुम्ही साखळी घेऊन भलत्याच गावी चालत गेलात. संध्याकाळी परत येता, पाय पाण्यात सोडता. मी थापडेची वाट पाहते. तुम्ही एवढंच म्हणता, "बोट ठेवून वाचत जाय. मले घाई नाही."

सहीच्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसात बँकेच्या पत्रावर मी बोट ठेवलं होतं, बाबा. मागे रांग होती. कारकून म्हणाला, "काकू, कागद वाचून राह्यल्या का पोथी?" सगळे हसले. मी बोट उचललं आणि सही केली.

बँकेत गेले, तर साहेब म्हणाले फाईल वर गेली, आता काही सांगता येत नाही. उद्या दोन्ही नकाशे घेऊन पुन्हा जाणार आहे. घर गेलं तर ती बाई कुठं जाईल, हे मनातून जात नाही.

काल तिला सांगायला गेले. ती स्लॅबवर पाणी मारत होती. ऐकून तिनं पाइप खाली ठेवला. "मावशी, तुमाले त वाचता येते ना?" म्हणाली. मी म्हटलं, त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता.

चष्मा नाकावरच होता, बाबा.