चुकलेली उत्तरं

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. पत्रास कारण की फोनवर तू नुसते हुंदके देतेस आणि मला त्यातलं काही कळत नाही. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग आहे, पण निदान ते रडत तरी नाही.

आजोबांना दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात लुळा पडलाय, धरून धरून चालतात, जेवण मात्र व्यवस्थित आहे. बोलणं गेलंय. डॉक्टर म्हणतात शब्द परत येतील, किंवा येणार नाहीत. एवढं सांगायला इतकं शिकावं लागतं होय? शब्दांचं मी सोसेन, त्यांची तशीही मला कटकटच होती. पण माणूस आत आहे की नाही तेच कळेना. दुकान उघडं दिसावं आणि गल्ल्यावर कोणी नसावं, तसे डोळे झालेत.

बोलायला शिकवणारी बाई रोज येते आणि चित्रं दाखवते. आजोबा, हे काय? हे काय? कप असतो, जोडा असतो. हे भिंतीकडे बघतात. तुझा काका येतो, शेजारचा शिंपी येतो, तेही विचारतात, ओळखलंत का मला? पुन्हा भिंत.

या माणसाने जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावले आणि घरी येऊन आपल्याला कोडी घातली. जेवणं झाली की चार सूर वाजवायचे, गर्रकन वळायचे आणि एक भुवई वर करून म्हणायचे, ओळखा. तू फटकन सांगायचीस. मी म्हणायचे, मांजर कपाटावरून पडलं. की आलंच, चूक! लग्न झाल्यापासून माझं एक उत्तर बरोबर आलेलं नाही.

तेव्हा परीक्षा सोडून येते असलं काही बोलू नकोस. भिंतीकडे बघायला आम्ही दोघं पुरे आहोत. त्यापेक्षा एखादं नवं कोडं पाठव, वाचून दाखवते. वेळेवर जेव. माया आहे तेवढी असू दे, ती दाखवायला धावत येऊ नकोस.
तुझी आजी

ता. ९ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.
तुझं पत्र सरावाच्या खोलीबाहेर उभ्याने वाचलं आणि सराव न करताच परतले. गल्ल्यावर कोणी नाही, हे वाक्य लिहायलाच हवं होतं का गं? मी बॅग भरून ठेवली आहे. परीक्षा पुढच्या वर्षीही असेल. तुझं पुढचं पत्र येईपर्यंत थांबते, मग माझं मी ठरवीन.

हे घे कोडं. एक जण एक वाक्य बोलतो. ते संपतंय तोच दुसरा तेच वाक्य बोलत येतो, मग तिसरा. सगळे एकदम बोलतात, कोणी थांबत नाही, तरी भांडण होत नाही. सांगा, पियानोवर काय चाललंय? याला फ्यूग म्हणतात. एकच धून या हातातून त्या हातात, स्वतःच्याच मागे धावते. आजोबांना झोपेतही येईल. पण तू घाईने उत्तर सांगून टाकू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

आजोबांना माझा नमस्कार त्यांच्या डाव्या कानात सांग, तो जास्त तिखट आहे. तुझा राग आणि लोभ दोन्ही माझ्यावर असू देत.
तुझी भिंगरी

ता. १५ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. आधी ती बॅग रिकामी कर, मग पुढे वाच.

तुझं कोडं रोज वाचलं. सांगा हो, काय चाललंय पियानोवर? हे आपले भिंतीकडे. परवा ती बाई चित्रं मांडून बसली होती, मी वाटाणे सोलत होते. ते कोडं वाचून वाचून माझं तोंड दुखलं होतं. डोकंच फिरलं. म्हटलं, नका सांगू, मीच सांगते. सगळे एकदम बोलतात आणि कोणी थांबत नाही ना? मग ते आपल्या घरचं जेवण आहे, दुसरं काय!

आणि खुर्चीतून आवाज आला. चूक.

वाटाण्यांचं भांडं माझ्या हातून सुटलं. मी म्हटलं, काय म्हणालात? तर भुवई वर. तीच. अगं, एवढे दिवस आम्ही सगळी त्यांना विचारत बसलो होतो. या माणसाने जन्मात कधी उत्तर दिलंय का कोणाला? हा विचारणारा, आणि दुसऱ्याचं चुकलं की खूष होणारा.

ती बाई हुशार निघाली. तिने लगेच कपाचं चित्र धरलं आणि म्हणाली, आजोबा, हा जोडा आहे. हे म्हणाले, चूक. ती म्हणाली, मग टोपी असेल. तर चिडून म्हणाले, कप, कप! आता काका येतो आणि सांगतो मी पोस्टमन. चांगलं चाललंय. काल मी आंघोळीच्या पाण्यात रडून घेतलं, तेवढं एकदा. कोणाला सांगू नकोस.

आता तुला कोडं. आज ते स्वतः पियानोपाशी गेले. डाव्या हाताने खालचा एक जाड सूर वाजवला. पुन्हा तोच. मग वर सरकून एक बारीक. तोंड कडू औषध घेतल्यासारखं केलं. पुन्हा तेच तीन सूर, पुन्हा तसंच तोंड. मग मान वळवून तुझ्या फोटोकडे बघितलं. मी म्हटलं मांजर. चूक. तू सांग.
जीव लाव, पण अभ्यासाला आधी.
तुझी आजी

ता. २० मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.
बॅग रिकामी केली. जिन्यात बसून इतकी हसले की वरची मुलगी विचारायला आली, बरी आहेस ना?

आजोबांना सांग, ही धून नाहीच. खालचा सूर आणि वरचा सूर एकच आहे, फक्त उंचीचा फरक. ते दोन्ही जुळतात का ते बघतायत. एवढे दिवस हात लागला नाही म्हणून पियानो उतरलाय आणि त्यांना ते सहन होत नाहीये. बरोबर?

परवा परीक्षा. भीती वाटतेय, पण आता नुसती परीक्षेची. आशीर्वादाचा हात काढून घेऊ नकोस.
तुझी भिंगरी

ता. २६ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. पास झाल्याचं काकाने सांगितलं. ठीक आहे.

तुझं उत्तर वाचून दाखवलं. हे म्हणाले, बरोबर. असं स्वच्छ, की मला जरा रागच आला. चहात साखर कमी घातली. मग त्यांचा जुना शागीर्द बोलावला. तो तारा पिळतोय, हे शेजारी बसून चूक, चूक करतायत. तो बिचारा घामाघूम झालाय आणि हसतोय. माझं डोकं उठलंय.

संध्याकाळी तो गेल्यावर मी यांच्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, एवढी कोडी घातलीत, आता माझं उत्तर ऐका. तुम्ही एवढ्यात काही मरत नाही.

आधी भुवई वर गेली. मग भुवई खाली आणली आणि म्हणाले, बरोबर.

लग्न झाल्यापासूनचं हे माझं पहिलं. सुट्टी लागली की ये, आता बघण्यासारखं आहे. लोभ आणताना सोबत हातमोज्यांचा चांगला जोड आण, यांचा लुळा हात गार पडतो.
तुझी आजी