कमळूची सावड

किन्हवली,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. काशीताईस,
भगीरथचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या सिद्धगडाच्या आडोशाला फोन लागत नाही, म्हणून पुन्हा पेन उचलले. इकडे सर्व खुशाल. भात कापणीला आले आहे. काळजी एकच, आपल्या बांधशेजारी कमळूची.

त्याच्या लेकीच्या, सोनालीच्या नर्सिंगच्या फीसाठी मी गेल्या वर्षी वीस हजार दिले, तुला ठाऊक आहेच. गोठ्याच्या पत्र्यांसाठी साठवलेले होते ते. मी एकदाही मागितले नाहीत, तरी होळीपासून हा मला टाळतो. मी टपरीवर दिसलो की त्याची चहाची तल्लफच जाते. यंदा सावडीचे विचारायलाही आला नाही. बाबांच्या वेळेपासून एक दिवस त्यांनी आपल्या शेतात कापायचे, एक दिवस आपण त्यांच्या. तेही मोडणार. गोदू म्हणते, पैसे गेले ते गेले, सोबती पण घालवलात. मागावे तर तो तुटेल, न मागता तुटतोच आहे. काय करू?

दाजींना नमस्कार. माया आहेच, आता अक्कलही थोडी पाठव.
तुझा,
भगीरथ


सिद्धगड पायथा,
२० ऑक्टोबर

चि. भगीरथ यास,
काशीताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे दाजी खूप हसले. मलाही राहवले नाही. पैसे देताना तू नक्की म्हणाला असशील, दे रे कधी पण. तिथेच चुकलास. तू तारीख ठरवली नाहीस, म्हणून त्याला रोजच तारीख वाटते.

आता त्याच्या दारात जाऊ नकोस, शेतात जा. विळा घेऊन, न बोलावता. सावड घेतली की फेडायला माणूस येतोच, कमळू तर नक्की येईल. आला की पैशांचे सरळ बोल. तुला जमणार नाही, गोदूला बोलू दे.

भाऊबीजेला दोघे या. ओवाळणीत उधारी चालणार नाही.
तुझी,
काशीताई


किन्हवली,
३० ऑक्टोबर

ती. सौ. काशीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलेस तसे केले. मला आणि गोदूला विळे घेऊन शेतात आलेले बघून कमळू बांधावरून पलीकडे निघालाच होता. त्याची बायको धोंडीबाई मागून ओरडली की अवो, पळता कुठं, शेत आपलंच हाय ना! मग सगळेच हसलो. दिवसभर कापले, पैशांचा विषय कोणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघे आमच्या शेतात हजर. दुपारी भाकरी सोडताना गोदूने त्याला विचारले, भावजी, महिन्याला किती जमेल? कमळूने हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाला की वहिनी, सगळे एकदम जमत नाय, रिकाम्या हाताने तोंड कसं दाखवू? गोदू म्हणाली, आमचे पत्रे तरी कुठे एकदम चढणार आहेत? एकेक चढवू.

काल तो डोक्यावर एक पत्रा घेऊन आला. आम्ही दोघांनी मिळून ठोकला. बाकी गोठा अजून गळकाच आहे, पण गाय आत्तापासून त्या पत्र्याखालीच उभी राहते.

भाऊबीजेला येतो, ओवाळणी रोख. अशीच रागवत राहा.
तुझा,
भगीरथ